परदेशातील शिक्षकी नोकरी : स्वीकार आणि राजीनामा

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या महाड व पोलादपूर या तालुक्यांचा इतिहास जसा किल्ल्यांचा आणि सत्याग्रहाचा आहे, तसाच तो पोटासाठी घर सोडणाऱ्या माणसांचाही आहे. डोंगरउतारावरची वरकस जमीन, चार महिन्यांचा धुवाधार पाऊस आणि उरलेल्या आठ महिन्यांत हाताला नसलेले काम यांमुळे येथील पिढ्यान् पिढ्या मुंबईस गेल्या. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत, कोणी माथाडी झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने मुंबईतील हजारो कोकणी घरांची चूल विझवली, तेव्हा त्याची झळ कशेडी आणि आंबेनळी घाटांच्या पायथ्याशी असलेल्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली. कोकणातील कोकणी मुसलमान कुटुंबे तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनपर्यंत गेली होती. पुढे १९७० नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा वाहू लागला आणि रायगड-रत्नागिरीतील तरुणांची वाट तिकडे वळली.

आजवर बाहेर जाणारा माणूस बहुधा कष्टकरी, कारागीर अथवा खलाशी असे. आता त्याच वाटेवर एक नवा प्रवासी दिसू लागला आहे. तो म्हणजे पदवी व अध्यापनाची पदविका हाती असलेला, इंग्रजी शिकवू शकणारा शिक्षक. त्याने परदेशी जावे की न जावे, हा आजचा विषय नाही. हाती आलेली नोकरी फसवी किंवा असह्य निघाली, तर ती अल्प मुदतीत, कायद्याला धरून व अब्रू राखून कशी सोडावी, हा आजचा विषय आहे. नोकरी मिळवून देणारे मार्गदर्शक पुष्कळ भेटतात. नोकरी सोडण्याची रीत सांगणारा क्वचितच भेटतो. वस्तुतः संकट त्याच वेळी येते.

शिक्षक बाहेर का जातो?

या प्रश्नाचे उत्तर येथील परिस्थितीतच आहे. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना सुरू झाली. नव्या शिक्षकाने प्रथम तीन वर्षे मानधनावर काम करावे, असे तिचे स्वरूप होते. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये राहिले. ते १६,००० रुपये होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. २०१२ नंतर शिक्षकभरती अनेक वर्षे खोळंबली. २०१३ पासून पात्रता परीक्षा आणि २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आली. पदविका हाती घेऊन बसलेल्या तरुणाचे वय या काळात वाढतच गेले. विनाअनुदानित शाळेत नाममात्र पगारावर राबणाऱ्या अशा तरुणाला कोणी सांगितले की, परदेशात इंग्रजीच्या शिक्षकाला भरघोस पगार, राहण्यास जागा आणि विमानाचे तिकीट मिळते, तर त्याचे मन तिकडे ओढले जाणे स्वाभाविक आहे.

भारतीय शिक्षक परदेशी जाणे ही नवी गोष्ट नाही. सम्राट हैले सेलासी यांच्या कारकीर्दीत इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने शिकवीत होते. भूतान व मालदीव येथील शाळांच्या उभारणीतही भारतीय शिक्षकांचा वाटा मोठा आहे. आखाती देशांत भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत व त्यांतील पुष्कळ नोकऱ्या चांगल्या आहेत. म्हणून परदेशातील प्रत्येक नोकरीकडे संशयाने पाहणे योग्य होणार नाही. परंतु चांगल्या बाजारात खोटे नाणेही चालते, हे विसरून चालत नाही.

नोकरी वाईट ठरते ती कशी?

शिक्षकाच्या नोकरीत फसवणुकीचे काही ठरावीक प्रकार आढळतात. पहिला प्रकार दोन करारांचा. येथे सही घेतली जाते ती एका कागदावर आणि तेथे पोहोचल्यावर पुढे येतो तो दुसराच कागद. संयुक्त अरब अमिरातीत अरबी व अन्य भाषेतील मजकुरात तफावत पडल्यास अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. त्यामुळे इंग्रजीतील आकर्षक नियुक्तिपत्रापेक्षा तेथील श्रम खात्याकडे नोंदलेला करार महत्त्वाचा ठरतो.

दुसरा प्रकार चुकीच्या व्हिसाचा. पर्यटक अथवा व्यापारी व्हिसावर नेऊन, ‘तेथे गेल्यावर बदलून देऊ’ असे आश्वासन दिले जाते. काही देशांत इंग्रजीच्या अध्यापनाचा परवाना प्रामुख्याने ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा देशांच्या नागरिकांसाठीच राखलेला असतो. अशा देशात भारतीय शिक्षकाला आडमार्गाने नेणारा दलाल त्याला पहिल्या दिवसापासूनच कायद्याच्या बाहेर उभा करतो. मग पगार बुडाला तरी त्याला तक्रार करता येत नाही, कारण तक्रार नेण्यास गेलेलाच प्रथम पकडला जाण्याची भीती असते.

तिसरा प्रकार कामाच्या बदलाचा. इंग्रजी शिकविण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीकडून वसतिगृहाची राखण, बसमधील देखरेख, कार्यालयीन कारकुनी अशी कामे करून घेतली जातात. चौथा प्रकार पगार अडकविण्याचा व पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ ताब्यात घेण्याचा. आणि सर्वांत भयंकर प्रकार म्हणजे नोकरीच नसणे. २०२२ साली थायलंडमधील चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून सुशिक्षित भारतीय तरुणांना म्यानमारच्या म्यावाड्डी भागात नेण्यात आले व तेथे डांबून त्यांच्याकडून इंटरनेटवरील फसवणुकीची कामे करून घेण्यात आली. भारत सरकारने त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात याविषयी जाहीर इशारा दिला होता. ते तरुण शिक्षक नव्हते, संगणकाची कामे जाणणारे होते. परंतु त्यांना फसविणाऱ्या जाहिरातीचा साचा शिक्षकांच्या जाहिरातीहून निराळा नव्हता.

शिकलेल्याचे संरक्षण कमी

येथे एक बाब विशेष ध्यानात घेतली पाहिजे. परदेशी कामास जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी भारतात १९८३ चा उत्प्रवास अधिनियम आहे. १९२२ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. या कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला अठरा ठरावीक देशांत कामासाठी जाताना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. लोकांच्या तोंडी हे कार्यालय ‘प्रोटेक्टर’ या नावानेच परिचित असून त्याची शाखा मुंबईत आहे. मंजुरीपूर्वी नोकरीचा करार तपासला जातो. प्रवासी भारतीय विमा योजनेखाली १० लाख रुपयांचे अपघाती विमासंरक्षणही त्या कामगाराला घ्यावे लागते.

शिक्षक मात्र पदवीधर असतो. त्याच्या पासपोर्टावर मंजुरीची अट नसते. म्हणजे ज्या गवंड्याला अक्षरओळख बेताची, त्याचा करार कोणीतरी सरकारी नजरेने पाहिलेला असतो. आणि ज्या शिक्षकाने आयुष्यभर इतरांना वाचावयास शिकविले, त्याचा करार त्याच्याखेरीज कोणीच वाचलेला नसतो. परिचारिकांच्या बाबतीत हा धोका ओळखून २०१५ साली त्यांना शिक्षण कितीही असले तरी मंजुरीच्या कक्षेत आणण्यात आले. शिक्षकांसाठी तशी व्यवस्था झालेली नाही. तोपर्यंत शिक्षकाने स्वतःच स्वतःचा संरक्षक व्हावयास हवे.

भरती दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत दलालाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर एवढीच रक्कम घेता येते आणि तिची पावती द्यावी लागते. दोन-तीन लाख रुपये रोख मागणारा व पावतीचे नाव काढताच हसणारा मनुष्य नातलगांतला असला, गावातला असला, तरी त्याच्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर. कारण पुढे नोकरी सोडण्याचा प्रसंग आला की, शिक्षकाचे पाय बांधून ठेवते ते हेच कर्ज. दागिने गहाण पडलेले असतात, पतपेढीचे हप्ते चालू असतात, जमिनीचा तुकडा कोणाच्या तरी नावावर झालेला असतो. मालकाच्या कुलपापेक्षा घरच्या देण्याचे कुलूप अधिक बळकट असते.

सोडणे म्हणजे पळणे नव्हे

नोकरी सोडण्याबाबत समाजात एक संकोच आहे. गावाने हारतुरे घालून निरोप दिलेला असतो. चार महिन्यांत परत आल्यास लोक काय म्हणतील, या विचाराने माणूस वर्षानुवर्षे अन्याय सोसतो. या भूमीला तरी असा संकोच शोभत नाही.

महाड तालुक्यातील रायगडाच्या परिसरात असलेल्या नाते या गावी १८९६ साली चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्राचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय त्यांना पटला नाही, तेव्हा १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ते गुपचूप निघून गेले नाहीत. त्यांनी आपली कारणे लोकसभेपुढे मांडली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारून ते शिक्षणाच्या कार्यात गुंतले. राजीनाम्याने त्यांची प्रतिष्ठा उणावली नाही, वाढलीच.

दुसरे उदाहरण याहून अधिक जवळचे आहे. ज्या महाडमध्ये २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्या घटनेच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिक्षण घेतल्यानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा त्यांचा करार होता. त्या करारास मान देऊन ते १९१७ च्या सप्टेंबरमध्ये बडोद्यास रुजू झाले. परंतु कचेरीत अस्पृश्यतेचा जाच, आणि राहण्यास शहरात जागा मिळेना, अशा स्थितीत थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. करार पाळण्याची त्यांची इच्छा होती. जगण्याची किमान परिस्थितीच तेथे नव्हती. पुढे १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी तीही नोकरी सोडून लंडनला गेले. करार पवित्र असतो, हे खरे. परंतु तो दोन्ही बाजूंनी पाळावयाचा असतो आणि माणसाची प्रतिष्ठा हे त्यातील न लिहिलेले पहिले कलम असते.

मुदत आणि कायदा

तथापि, नोकरी सोडण्याचा हक्क वापरताना त्या देशाचा कायदा ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. एका रात्री सामान उचलून निघून जाणे हा सर्वांत सोपा वाटणारा व सर्वांत महाग पडणारा मार्ग होय. मालकाने अनधिकृत गैरहजेरीची तक्रार नोंदविली की, शिक्षकाचा राहण्याचा परवाना धोक्यात येतो, थकलेला पगार बुडतो आणि पुन्हा त्या देशात काम मिळण्याची वाट बंद होऊ शकते.

संयुक्त अरब अमिरातीत २०२१ चा श्रमकायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार परिवीक्षा काळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही. या काळात नोकरी सोडून देशाबाहेर जाऊ इच्छिणाऱ्याने किमान १४ दिवसांची लेखी पूर्वसूचना द्यावी. त्याच देशात दुसरीकडे नोकरी धरावयाची असल्यास एक महिन्याची. परिवीक्षा संपल्यानंतर पूर्वसूचनेचा काळ करारात लिहिल्याप्रमाणे ३० ते ९० दिवसांचा असतो. पूर्वसूचना न देता निघून गेलेल्याला एक वर्षापर्यंत तेथील कामाचा परवाना नाकारला जाऊ शकतो. मात्र काही प्रसंगी पूर्वसूचनेवाचूनही नोकरी सोडता येते. मालकाने करारातील बंधने मोडली व श्रम मंत्रालयाला आधी कळवूनही ती दुरुस्त केली नाहीत, कामाच्या जागी मारहाण अथवा छळ झाला, किंवा लेखी संमतीवाचून मुळात भिन्न स्वरूपाचे काम लादले गेले, असे हे प्रसंग आहेत. येथेही मंत्रालयास वेळेत कळविणे हीच किल्ली आहे. काही मुक्त क्षेत्रांचे नियम स्वतंत्र आहेत, याचे भान ठेवावे.

कतारमध्ये २०२० च्या सुधारणेनंतर नोकरी बदलण्यास मालकाच्या ना हरकत दाखल्याची गरज उरली नाही. दोन वर्षांपर्यंतच्या सेवेस एक महिन्याची व त्याहून अधिक सेवेस दोन महिन्यांची पूर्वसूचना पुरे होते. सौदी अरेबियात १४ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या सुधारणांनी ठरावीक अटींवर नोकरी बदलणे व देश सोडणे सुलभ केले. कुवेतमध्ये मात्र मासिक पगारदाराला तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि १ जुलै २०२५ पासून खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगाराला देशाबाहेर जाण्यासाठी निर्गमन परवानाही घ्यावा लागू लागला. चीनच्या २००८ पासून लागू असलेल्या श्रमकरार कायद्यात परिवीक्षा काळात तीन दिवसांची आणि एरव्ही तीस दिवसांची लेखी पूर्वसूचना सांगितली आहे. पण नव्या ठिकाणी काम करावयाचे असल्यास जुन्या संस्थेकडून कार्यमुक्तीचे पत्र मिळविल्याशिवाय तेथे पाऊल पुढे पडत नाही.

एवढ्या तपशिलाचे तात्पर्य एकच. ‘परदेशात असे असते’ असे म्हणून चालत नाही. प्रत्येक देशाची मुदत वेगळी, कारणे वेगळी, कार्यालये वेगळी. जाण्यापूर्वीच त्या देशाच्या पूर्वसूचनेचा नियम वहीत लिहून घ्यावा. ज्या घरात शिरावयाचे, त्याचे मागील दार कोठे आहे हे पाहून ठेवण्यात अविश्वास नाही, शहाणपण आहे.

राजीनाम्याची रीत

असह्य झालेली नोकरी सोडताना पुढील क्रम हितावह ठरतो.

प्रथम कागदपत्रांची बेगमी करावी. करार, नियुक्तिपत्र, पगाराच्या नोंदी, बँकेचा उतारा, वेळापत्रक, वरिष्ठांशी झालेला लेखी व्यवहार यांच्या प्रती संस्थेच्या संगणकावर न ठेवता स्वतःजवळ आणि एक संच घरच्या विश्वासू माणसाकडे असावा. मूळ पदवी प्रमाणपत्र कोणाकडेही ठेवावयास देऊ नये. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये, केवनाळे व साखर सुतारवाडी येथे डोंगर खचला. घरातील कागदांचे मोल काय असते, हे या तालुक्यांना कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. डिजिलॉकरसारख्या सरकारी सोयीचा लाभ शिक्षकांनी स्वतः घ्यावा व विद्यार्थ्यांनाही घ्यावयास लावावा.

दुसरी बाब पासपोर्टाची. १९६७ च्या पासपोर्ट अधिनियमानुसार भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. कोणत्याही शाळेस, मालकास अथवा दलालास तो अडकवून ठेवण्याचा अधिकार नाही. तो परत मिळत नसेल, तर राजीनामा देण्यापूर्वी दूतावासास लेखी कळवावे.

तिसरी बाब राजीनाम्याच्या मसुद्याची. तो थोडक्यात, सभ्य भाषेत आणि दिनांकासह असावा. कोणत्या कलमान्वये किती दिवसांची पूर्वसूचना दिली आहे, कामाचा अखेरचा दिवस कोणता, किती पगार येणे आहे आणि परतीच्या तिकिटाची जबाबदारी करारात कोणावर आहे, एवढेच त्यात लिहावे. रागाच्या भरात लिहिलेले चार शब्द पुढे चौकशीत विरुद्ध पक्षाच्या हाती लागतात. पत्र पोहोचल्याची पोच घ्यावी. देणे चुकते झाले असल्याच्या कागदावर, पैसे हाती पडण्यापूर्वी सही करू नये.

चौथी बाब पैशाची. पहिल्या पगारापासूनच परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत व त्यांना अन्य कोणत्याही कारणासाठी हात लावू नये. खिशात तिकिटाचे पैसे असलेला माणूस मालकापुढे ताठ मानेने बोलू शकतो.

पाचवी बाब विद्यार्थ्यांची. शाळेचा कारभार वाईट असला, तरी वर्गातील मुले त्या कारभाराची भागीदार नसतात. डोंगराळ भागातील द्विशिक्षकी शाळेत मध्येच एक शिक्षक निघून गेला, तर मुलांचे वर्ष कसे वाया जाते, हे पोलादपूर तालुक्यात कोणास सांगावे लागणार नाही. परदेशातील मुलांनाही तोच न्याय लागू आहे. म्हणून शक्य असेल तेथे हजेरीपत्रके, गुणनोंदी, तपासलेल्या वह्या व अभ्यासक्रम कोठवर झाला याची टिपणे पुढील शिक्षकासाठी नीट लावून द्यावीत. एरव्ही सत्राच्या अखेरीस निघणे इष्ट. मात्र जेथे मारहाण, लैंगिक छळ, कोंडून ठेवणे अथवा बेकायदा काम करण्याची सक्ती आहे, तेथे पूर्वसूचना, सत्र व हिशेब यांचा विचार मागे ठेवून प्रथम सुरक्षित जागी जावे आणि भारतीय दूतावास अथवा वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधावा. जीव आणि अब्रू यांना मुदत नसते.

अशा संकटग्रस्तांसाठी भारत सरकारने २००९ साली भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन केला आहे. अडकलेल्या भारतीयांना तात्पुरता निवारा, कायदेशीर साहाय्य व गरज असल्यास परतीचे तिकीट या निधीतून दिले जाते. २०१५ पासून ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते व तिचा पाठपुरावा घरबसल्या करता येतो. ही तक्रार परदेशातील माणसानेच करावी असे नाही. गावातील आई-वडीलही ती करू शकतात. बहुतेक कुटुंबांना हे ठाऊक नसते आणि म्हणून ती ज्या दलालाने फसविले, त्याच्याच दारी पुन्हा पुन्हा जात राहतात.

गावाचे कर्तव्य

हा प्रश्न एकट्या शिक्षकाचा नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. त्यांपैकी एका सभेत परदेशी नोकरीच्या सुरक्षित मार्गांविषयी अर्धा तास राखून ठेवणे कोणत्याही ग्रामपंचायतीस अवघड नाही. परदेशी जाणाऱ्याने करार, व्हिसा व पासपोर्ट यांच्या प्रती, मालकाचा पत्ता आणि जवळच्या दूतावासाचा पत्ता घरातील एका जाणत्या व्यक्तीकडे ठेवावा, एवढी पद्धत जरी गावाने पाडली, तरी संकटाच्या वेळी धावाधाव निम्म्याने कमी होईल. ही नोंद स्वेच्छेची व गोपनीय असावी. ती चावडीवर लावण्याची वस्तू नव्हे.

शिक्षकांनी याहून एक पाऊल पुढे जावे. करार वाचून त्याचा अर्थ सांगणे, व्हिसावरील शब्द ‘काम’ आहे की ‘भेट’ आहे हे पाहणे, दलालाची नोंदणी तपासणे ही कामे शाळेतील इंग्रजीचा शिक्षक सहज करू शकतो. केवळ स्वतःसाठी नव्हे, तर गावातील वाहनचालकासाठी, स्वयंपाक्यासाठी, रुग्णसेवा करणाऱ्या मुलीसाठीही. त्याने हे काम हाती घेतले, तर परदेशी गेलेल्या शिक्षकाच्या फसवणुकीची निम्मी कारणे मुळातच नाहीशी होतील. कारण करार वाचण्याची सवय ही करार करण्यापूर्वीच लागावी लागते.

पोलीस व महसूल यंत्रणेतील अधिकाऱ्यांनी अशा तक्रारींना ‘हा परदेशातला मामला’ म्हणून परत पाठवू नये. फसवणूक करणारा दलाल बहुधा याच जिल्ह्यात अथवा मुंबईत बसलेला असतो. पैसे येथे घेतलेले असतात, आश्वासने येथे दिलेली असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीविषयीचे कलम ३१८ आणि उत्प्रवास अधिनियमाखालील शिक्षेच्या तरतुदी अशा प्रसंगी उपयोगी पडतात. तक्रार वेळेत नोंदली गेली, तर एका कुटुंबाचे पैसे परत मिळण्याची आशा राहते आणि दहा कुटुंबे वाचतात.

परत आलेल्याचे स्वागत

शेवटी, कोणत्याही कायद्यात न लिहिलेली एक गोष्ट. परदेशातील नोकरी सोडून आलेल्या माणसाला गाव कसा वागवितो, यावर पुढचा माणूस अन्याय किती दिवस सोसणार हे ठरत असते. ‘एवढे पैसे घालवून आला’ असे टोमणे ऐकावे लागणार असतील, तर पुढचा तरुण तेथेच कुढत राहील, पगार न मिळता राबेल आणि घरी मात्र सर्व ठीक असल्याचे कळवील. उलट, ‘वेळीच परत आलास, बरे झाले’ असे दोन शब्द त्याला ऐकावयास मिळाले, तर तो आपला अनुभव मोकळेपणाने सांगेल. कोणत्या दलालाने काय केले, करारात कोठे फसगत झाली, दूतावासात कोणत्या खिडकीवर जावे लागले, हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही. ते परत आलेल्या माणसापाशीच असते.

अशा शिक्षकाचा अनुभवाचा दाखला अपुरा असेल, त्याच्या सेवेत काही महिन्यांचा खंड दिसत असेल. नेमणूक करणाऱ्या संस्थाचालकांनी त्या खंडाकडे दोष म्हणून पाहू नये. योग्य पूर्वसूचना देऊन, हिशेब चुकते करून, वर्गाची कागदपत्रे हवाली करून जो अन्यायाच्या नोकरीतून बाहेर पडला, तो जबाबदारीपासून पळालेला नसतो. नियम काय, हक्क काय आणि मर्यादा कोठे, हे त्याने स्वतः अनुभवलेले असते. मुलांना शिकविण्यासारखे याहून मोलाचे काय असू शकेल?

महाड-पोलादपूरची माणसे यापुढेही बाहेर जातील, आणि त्यांनी जावे. वीर स्थानकावरून निघणारा प्रत्येक तरुण पगाराच्या आकड्याबरोबर पूर्वसूचनेचा आकडाही माहीत करून घेईल, तिकिटाच्या जाण्याबरोबर येण्याचीही तजवीज ठेवील आणि गाव त्याच्या पाठीशी उभा आहे या विश्वासाने घर सोडील, एवढी दक्षता शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांनी मिळून घेतली, तर या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.